वजन जास्त म्हणून स्तनाच्या पुनर्रचनेला नकार मिळाला, तर पुढे काय करायचं?

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या, किंवा लवकरच काढावा लागणार असलेल्या बायका पुनर्रचनेबद्दल, म्हणजे त्या जागी शस्त्रक्रियेनं पुन्हा स्तनाचा आकार घडवण्याबद्दल, विचारतात, तेव्हा त्यांतल्या अनेकींना एवढंच उत्तर मिळतं: आधी वजन कमी करा, मग बघू. किती कमी करायचं, कशासाठी, किती महिन्यांत, कोणाच्या मदतीनं, यातलं काहीच कोणी सांगत नाही. बाई मान डोलावून बाहेर येते आणि उपचारांच्या धबडग्यात तो विषय तिथेच राहतो. पुढच्या तपासणीला ती स्वतःहून तो काढत नाही, कारण वजनावरून ऐकून घ्यायची सवय तिला आधीपासूनच झालेली असते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. वजन जास्त असलं की या शस्त्रक्रियेतला धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते झाकून काही उपयोग नाही. पण ‘तुमची पुनर्रचना होणार नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा अर्धं असतं. पूर्ण उत्तर असं असतं: ही विशिष्ट शस्त्रक्रिया, या वेळी, या टीमकडून, तुमच्या आजच्या तब्येतीत होणार नाही. या चारांपैकी नेमकं काय अडतंय ते आधी शोधायचं आणि मग तेवढंच सोडवायला घ्यायचं. एक गोष्ट मात्र पक्की धरा: उपचार चालू असतील तर कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय औषधांत किंवा तारखांत काहीही बदल करायचा नाही.

पायरी १: आपला आकडा स्वतः काढा

डॉक्टर ज्या आकड्यावर बोट ठेवतात तो बीएमआय. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की तो निघतो. समजा उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे साधारण २.५. ८४ ला त्यानं भागलं की ३३.६ येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ३० च्या पुढे लठ्ठपणा सुरू होतो. ३० ते ३५ पहिला वर्ग, ३५ ते ४० दुसरा आणि ४० च्या पुढे तिसरा. आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे आकडेही सांगितले जातात, पण ते मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्यासाठी आहेत. पुनर्रचनेच्या चर्चेत सहसा ३०, ३५ आणि ४० याच सीमा येतात.

आता या ८४ किलोच्या बाईकडेच नीट बघा. एखाद्या रुग्णालयाची मर्यादा ३५ असेल तर ती आजच पात्र आहे, कारण तिच्या उंचीला ३५ चा आकडा ८७ किलोच्या थोडा वर पडतो. दुसऱ्या ठिकाणी मर्यादा ३० असेल तर तिला ७५ किलोच्या खाली यावं लागेल, म्हणजे नऊ किलो कमी करावे लागतील. बाई तीच, पोट तेच, कॅन्सर तोच. सगळ्या जगाला लागू होईल अशी एकच मर्यादा अस्तित्वात नाही. प्रत्येक टीम आपल्या अनुभवानुसार, सोयींनुसार आणि कधी खर्च करणाऱ्या यंत्रणेच्या नियमांनुसार ती ठरवते. म्हणून ‘वजन जास्त आहे’ एवढ्यावर थांबू नका. तुमची मर्यादा किती, असा थेट आकडा विचारा.

बीएमआयच्या मागचं गणित एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञानं मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासासाठी मांडलं. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. एका बाईच्या पोटावर टाका घालता येईल की नाही, हे ठरवण्यासाठी ते बनलेलंच नव्हतं. चरबी कुठे आहे, स्नायू किती आहेत, रक्तपुरवठा कसा आहे, यातलं काहीही त्यातून कळत नाही. सर्जनच्या हातांना मात्र ते कळतं. म्हणून प्रत्यक्ष तपासणी न करता, नुसत्या कागदावरच्या आकड्यावरून मिळालेला नकार मी शेवटचा मानणार नाही, आणि तुम्हीही मानू नये.

पायरी २: धोका कुठे वाढतो ते समजून घ्या

चरबीला रक्तपुरवठा तुलनेनं कमी असतो. जखम भरायला लागणारा प्राणवायू, पेशी आणि अँटिबायोटिक हे सगळं रक्तातूनच येतं. मास्टेक्टॉमीत, म्हणजे स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेत, लगेच पुनर्रचना करायची असेल तर स्तनाची आतली ग्रंथी काढून त्वचेचा पातळ पडदा ठेवला जातो. स्तन मोठा असेल तर हा पडदाही लांब असतो आणि त्याच्या कडेपर्यंत रक्त पोहोचणं अवघड होतं. मग कड काळी पडते, टाका उसवतो, आतून पाणी झिरपत राहतं. निचऱ्याची नळी जास्त दिवस ठेवावी लागते आणि ती जितके दिवस राहील तितकी जंतूंना वाट मिळते.

इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या जागी बसवलेली कृत्रिम पिशवी, असेल तर हा संसर्ग जास्त त्रासाचा ठरतो. इम्प्लांटला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्या पृष्ठभागावर चिकटून बसले की औषध तिथपर्यंत पोहोचत नाही आणि अनेकदा इम्प्लांट काढूनच टाकावं लागतं. पोटाच्या ऊतींनी पुनर्रचना केली असेल तर पोटावरची लांब जखम भरायला वेळ लागतो, मध्यभागी ती उघडू शकते, पुढे पोटाला फुगवटा किंवा हर्निया होऊ शकतो. नव्या स्तनात चरबीचा काही भाग रक्ताअभावी मरून कडक गोळा तयार होतो. तो हाताला लागला की बाई कॅन्सर परत आला म्हणून घाबरते, त्यामुळे ही शक्यता आधीच माहीत असलेली बरी. अर्थात असा कोणताही गोळा डॉक्टरांना दाखवायचाच.

रक्ताच्या गुठळीचा धोका वेगळा. कॅन्सर, लांबलेली शस्त्रक्रिया आणि जास्त वजन या तिन्ही गोष्टी पायातल्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढवतात, आणि इथे त्या एकत्र आलेल्या असतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, पोटऱ्यांना दाब देणारं यंत्र आणि लवकरात लवकर उठून चालणं, हे सगळं ठरवून केलं जातं. भूलतज्ज्ञांची काळजी आणखी निराळी असते: श्वासनळीत नळी घालणं, आडवं झोपल्यावर फुप्फुसांवर येणारा दाब, झोपेत श्वास अडकण्याचा आजार.

या यादीतल्या बहुतेक अडचणी जखमेच्या आहेत. त्या त्रासदायक असतात, आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग करावं लागतं, कधी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागतं, पण शेवटी बऱ्या होतात. संपूर्ण फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून लावलेला ऊतींचा तुकडा, वाया जाणं अनुभवी केंद्रांत क्वचित घडतं, जरी वजन वाढलं की तीही शक्यता वाढते. खरी गंभीर बाब अशी की जखम रखडली तर केमो किंवा रेडिएशन पुढे जाऊ शकतं. एखादा सर्जन ‘आत्ता नको’ म्हणतो त्यामागे अनेकदा हेच कारण असतं आणि ते योग्य कारण आहे. ते कारण तुम्हाला समजावून सांगितलं गेलं का, एवढाच प्रश्न उरतो.

पायरी ३: कोणत्या शस्त्रक्रियेला नकार मिळाला ते विचारा

पुनर्रचना हे एका शस्त्रक्रियेचं नाव नाही. प्रत्येक प्रकारात वजनाचा हिशेब बदलतो. अनेक ठिकाणी एक-दोनच प्रकार होतात, आणि तिथला नकार त्या एक-दोन प्रकारांपुरताच असतो.

आधी सगळ्यात मागचा प्रश्न विचारा: पूर्ण स्तन काढणं खरंच गरजेचं आहे का? स्तन मोठा असेल आणि गाठीचा आकार, संख्या, जागा अनुकूल असेल, तर गाठ काढून उरलेल्या स्तनाला लहान, उचललेला आकार देता येतो आणि दुसरी बाजूही तशीच करून घेता येते. नंतर रेडिएशन घ्यावं लागतं. याला ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया म्हणतात. वजन जास्त असलेल्या अनेक बायकांचे स्तन मोठे असतात, त्यामुळे हा पर्याय त्यांच्यासाठी विशेष सोयीचा पडू शकतो. मान आणि खांद्यावरचा भारही हलका होतो.

इम्प्लांटची शस्त्रक्रिया वेळानं छोटी असते. बहुधा आधी एक्स्पांडर नावाची पिशवी बसवतात, काही आठवडे तिच्यात थोडं थोडं सलाईन भरून त्वचा ताणतात आणि मग तिच्या जागी कायमचं इम्प्लांट घालतात. ‘वजन जास्त आहे, मोठं ऑपरेशन नको, इम्प्लांट करू’ असा सल्ला त्यामुळे दिला जातो. तो सरसकट बरोबर नाही. वजन वाढतं तसं इम्प्लांटमधला संसर्ग आणि ते काढावं लागण्याचं प्रमाणही वाढतं. शिवाय नेहमीच्या वापरातली सगळ्यात मोठी इम्प्लांट ८०० मिलिलिटरच्या आसपासची असतात. रुंद छातीवर, जड स्तनाच्या जोडीला ती अपुरी दिसतात आणि मग दुसरा स्तन लहान करून घ्यावा लागतो. रेडिएशन होणार असेल तर इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून कडक होण्याची शक्यता आणखी वाढते.

पोटाची त्वचा आणि चरबी वापरून केलेल्या पुनर्रचनेत ट्रॅम आणि डीप ही दोन नावं कानावर येतील. ट्रॅममध्ये पोटाचा उभा स्नायूही जातो; ही पद्धत कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी १९८२ मध्ये मांडली. डीपमध्ये स्नायू जागेवर ठेवतात. फक्त त्वचा, चरबी आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सोडवून घेतात आणि त्या छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जोडायच्या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या असतात. एका बाजूलाच पाच ते आठ तास लागू शकतात, आणि पहिले एक-दोन दिवस परिचारिका दर तासाला नव्या स्तनाचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह तपासतात. वजन जास्त असेल तर स्नायू शाबूत राहणं फार मोलाचं, कारण त्या पोटाच्या भिंतीवर आधीच भार असतो. बीएमआय ३० ते ३५ असलेल्या बायकांमध्ये ही शस्त्रक्रिया नियमित होते. ३५ ते ४० मध्ये अनेक केंद्रं व्यक्ती बघून ठरवतात. ४० च्या पुढे बरेच सर्जन नको म्हणतात. इम्प्लांटशी तुलना केली तर जड शरीराला स्वतःच्या ऊतींचा स्तन आकारानं आणि स्पर्शानं जास्त जुळतो, म्हणून सूक्ष्म शस्त्रक्रियेचा चांगला अनुभव असलेले कित्येक सर्जन वजनदार बाईलाही इम्प्लांटऐवजी हाच मार्ग सुचवतात.

इथे पोटाची तपासणी महत्त्वाची. चांगला सर्जन तुम्हाला उभं करतो, बसवतो, आडवं झोपवतो आणि प्रत्येक वेळी पोटाची घडी चिमटीत धरून बघतो. चिमटीत येणारी चरबी त्वचेखालची. ती फ्लॅपसाठी उपयोगी पडते आणि ती घेतल्यावर कडा जुळतात. पोट मोठं पण टणक, चिमटीत काहीच येत नाही, अशी स्थिती असेल तर चरबी आत आतड्यांभोवती आहे. ती फ्लॅपला उपयोगाची नाही, उलट आतून दाब देऊन टाके ताणते. सारख्याच बीएमआयच्या दोन बायकांना दोन वेगळी उत्तरं मिळण्याचं हे एक मोठं कारण आहे. पुढे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करून कोणती वाहिनी घ्यायची ते ठरतं.

पाठीचा फ्लॅप, म्हणजे लॅटिसिमस डॉर्साय या पाठीच्या रुंद स्नायूचा, हा मागे पडलेला पण भरवशाचा पर्याय आहे. रक्तवाहिनी न तोडता तो पाठीवरून पुढे फिरवतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची गरज लागत नाही. अंग भरलेलं असेल तर पाठीवरही चरबी असते, ती सोबत घेता येते आणि कधी कधी इम्प्लांटशिवाय पुरेसा आकार मिळतो. पाठीत पाणी साचण्याचा त्रास मात्र बऱ्याच जणींना होतो.

आणि एक पर्याय, जो फार थोड्या बायकांना सांगितला जातो. मास्टेक्टॉमीत मोठ्या, ओघळलेल्या स्तनाची बरीच त्वचा टाकून दिली जाते. ती टाकण्याऐवजी खालच्या भागाचा वरचा थर काढून, उरलेली त्वचा आणि तिच्याखालची चरबी आत दुमडून छोटा उंचवटा तयार करता येतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत गोल्डिलॉक्स मास्टेक्टॉमी म्हणून ओळखली जाते. बाहेरची वस्तू घालायची नाही, दुसरीकडे जखम करायची नाही. स्तन लहान होतो, पण छाती सपाट राहत नाही, आणि हवं असल्यास पुढे त्यावर आणखी काम करता येतं. वजन जास्त असलेल्या बायकांसाठीच ही सोयीची आहे. अट एकच: ती मास्टेक्टॉमीच्या वेळीच ठरवावी लागते. एकदा त्वचा काढून टाकली की हा रस्ता बंद होतो. तुमची मास्टेक्टॉमी अजून व्हायची असेल तर सर्जनला हा प्रश्न आठवणीनं विचारा.

वजन कमी असलेल्या बायकांची अडचण उलटी असते. पोटावर पुरेशी चरबीच नसते. त्यांच्यासाठी मांडीच्या आतल्या किंवा मागच्या भागाचा फ्लॅप, पाठीचा फ्लॅप आणि सोबत इम्प्लांट, किंवा दोन फ्लॅप जोडून एक स्तन, असे मार्ग असतात. इम्प्लांट पातळ त्वचेखाली असेल तर त्याच्या सुरकुत्या वरून दिसू शकतात. उपचारांत वजन उतरलं असेल तर आधी पोषण सुधारणं ही त्यांची तयारी.

पायरी ४: ‘कधी’ हा प्रश्न ‘होईल का’ या प्रश्नापासून वेगळा ठेवा

वजन उतरवण्यासाठी कॅन्सरची शस्त्रक्रिया पुढे ढकलायची नाही. पुनर्रचना वाट बघू शकते, गाठ बघू शकत नाही.

मास्टेक्टॉमीसोबतच पुनर्रचना झाली नाही तर ती नंतर करता येते, अगदी काही वर्षांनीही. तिला मुदत नसते. रेडिएशन झालं असेल तर ऊती शांत व्हायला सहसा किमान सहा महिने, अनेकदा वर्षभर थांबतात. हाच काळ तयारीचा. मधला मार्ग म्हणून काही ठिकाणी मास्टेक्टॉमीच्या वेळी एक्स्पांडर ठेवून त्वचेची जागा राखतात आणि उपचार संपल्यावर पोटाचा फ्लॅप करतात. पण एक्स्पांडरला संसर्गाचा धोका आहेच, त्यामुळे बीएमआय जास्त असेल तर याचा फायदा-तोटा मोकळेपणानं बोलून घ्या.

थांबायचं ठरलं, तर ‘थांबू’ म्हणजे कधीपर्यंत, हे तारखेसह लिहून घ्या. पुढची भेट कोणत्या महिन्यात, तेव्हा काय मोजणार, कोणता आकडा आला की पुढे जाणार, हे स्पष्ट हवं. नाहीतर वर्षामागून वर्ष जातं.

पायरी ५: वजनाआधी ज्या गोष्टी आठवड्यांत सुधारतात त्या धरा

लोक सगळा जोर वजनावर लावतात, आणि मला नेहमी वाटतं की इथेच चुकतं. दहा किलो उतरवायला महिने लागतात. खालच्या गोष्टी चार ते आठ आठवड्यांत बदलतात आणि जखम भरण्यावर त्यांचा थेट परिणाम होतो.

तंबाखू सगळ्यात आधी. ओढायचा असो की तोंडात धरायचा, निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि ही सगळी शस्त्रक्रिया बारीक रक्तवाहिन्यांवर उभी असते. किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद आणि नंतर जखम भरेपर्यंत बंद. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम, पट्ट्या यांतही निकोटिनच असतं, त्यामुळे त्या चालतील का हे सर्जनना विचारा. काही टीम आधी तपासणी करून खात्री करून घेतात.

साखर: बऱ्याच टीमना एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ७ ते ८ च्या खाली हवा असतो. दोन बारकावे लक्षात ठेवा. केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडमुळे साखर चढते. आणि रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सीचा आकडा दिशाभूल करू शकतो, म्हणून तेव्हा रोजच्या साखरेच्या नोंदीही सोबत न्या. हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असेल तर भरून काढायला वेळ लागतो.

प्रथिनं: वजन जास्त आहे म्हणजे पोषण चांगलं आहे असं नसतं. केमोनंतर अनेकींचे स्नायू घटलेले असतात आणि चरबी वाढलेली असते. जखम भरण्याच्या काळात शरीराच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. वजन बरंच जास्त असेल तर हा हिशेब कोणत्या वजनावर करायचा ते आहारतज्ज्ञ सांगतील. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही.

पोटाच्या आणि स्तनाच्या घडीखालची त्वचा आरशात बघा. तिथे लाली, खाज, वास किंवा पांढरट ओल असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. नेमका तिथूनच छेद जाणार असतो. लाज वाटून हे दाखवायचं टाळू नका; रोज धुऊन पूर्ण कोरडं ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम, यानं बहुतेकदा काही आठवड्यांत बरं होतं.

मोठ्यानं घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील, झोपेत श्वास थांबतो असं घरचे म्हणत असतील, तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मिळालं असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी ते सोबत न्यायचं.

पायरी ६: वजन उतरवायचं तर असं

उपचारांत वजन का वाढतं हे माहीत असलं की स्वतःला दोष देणं थोडं कमी होतं. स्टिरॉइडनं भूक वाढते, केमोमुळे पाळी अवेळी बंद होऊ शकते, थकव्यानं हालचाल कमी होते, पुढे हार्मोनची औषधं वर्षानुवर्षं चालतात. त्यामुळे कॅन्सरनंतर वजन उतरवणं एरवीपेक्षा कठीण असतं.

पहिलं लक्ष्य आदर्श वजनाचं नको. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ८४ किलोच्या बाईसाठी चार ते आठ किलो. एवढ्यानंही साखर, रक्तदाब आणि श्वास सुधारतो. वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो. उपाशी राहून झपाट्यानं उतरवलं तर चरबीसोबत स्नायूही जातात आणि जखम भरायला लागणारी सामग्रीच संपते. शस्त्रक्रियेच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तर वजन उतरवायचं थांबवून नीट जेवायचं.

व्यायामाचं लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं दमछाक न होणारं पण श्वास वाढवणारं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येईल म्हणून अनेक जणी वजन उचलणंच सोडतात. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं ती सूज वाढत नाही. उलट जास्त वजन हेच त्या सुजेचं एक मोठं कारण आहे.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनं सध्या खूप चर्चेत आहेत. ती उपयोगी पडू शकतात, पण कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच. कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर असेल तर ती चालत नाहीत. भूक मेल्यामुळे प्रथिनं कमी पडतात, तिकडे लक्ष हवं. ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, म्हणून भुलेच्या वेळी अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. ती घेत असल्याचं भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. कधी थांबवायची ते तेच ठरवतील.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया केली तर साधारण वर्ष-दीड वर्ष वजन स्थिर होईपर्यंत थांबतात आणि लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासतात. नंतर सैल झालेल्या पोटाच्या त्वचेचा फ्लॅपसाठी उपयोग होऊ शकतो.

आणि हे ठळक अक्षरात: पुनर्रचनेचा निर्णय होईपर्यंत पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया करू नका आणि पोटाचं लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढणं, तेही करून घेऊ नका. पोट सपाट करताना त्वचेला पोसणाऱ्या नेमक्या त्याच वाहिन्या कापल्या जातात आणि डीप फ्लॅप कायमचा हातचा जातो. लायपोसक्शननंही त्यांना इजा होऊ शकते. बाळंतपणाच्या सिझेरियनचा आडवा व्रण मात्र सहसा आड येत नाही.

हवं तेवढं वजन उतरलं की लगेच टेबलावर जायचं नाही. तीन ते सहा महिने ते टिकवून दाखवा. कारण पोटाची चरबी स्तनाच्या जागी गेली तरी तिचा स्वभाव पोटाचाच राहतो: पुढे वजन वाढलं की नवा स्तन वाढतो, उतरलं की लहान होतो. इम्प्लांट तसंच राहतं आणि दुसरी बाजू बदलते. दोन्ही प्रकारांत जोडी बिघडते.

पायरी ७: भेटीला जाताना

सोबत कोणीतरी न्या आणि लिहून घ्यायला सांगा. हे प्रश्न असेच्या असे वाचून विचारले तरी चालेल:

- माझ्यासाठी कोणकोणत्या शस्त्रक्रियांचा विचार केला आणि प्रत्येकीला हो किंवा नाही का?
- अडचण फक्त बीएमआयची आहे, की साखर, तंबाखू, रेडिएशन यांचीही?
- किती वजन, कधीपर्यंत, आणि ते झालं तर तुम्ही नक्की कराल का?
- माझ्यासारख्या वजनाच्या किती बायकांची ही शस्त्रक्रिया तुमच्या टीमनं केली आणि कितींना पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं?
- तुमच्याकडे सूक्ष्म शस्त्रक्रिया होते का? होत नसेल तर मला कोणाकडे पाठवाल?
- आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्याल का?
- टॅमॉक्सिफेन हे हार्मोनचं औषध चालू आहे, ते शस्त्रक्रियेआधी थांबवायचं का? (हे कॅन्सरतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात, स्वतःहून बंद करायचं नाही.)

पाचव्या प्रश्नाचं उत्तर फार काही सांगून जातं. सूक्ष्म शस्त्रक्रिया न होणाऱ्या ठिकाणी जड शरीराच्या बाईसाठी पर्यायच कमी असतात, आणि तिथला ‘नाही’ दुसऱ्या केंद्रात ‘बघूया’ होऊ शकतो. दुसरं मत मागितल्यानं पहिले डॉक्टर दुखावतील म्हणून गप्प राहू नका. नकाराचं कारण लेखी घ्या. पॅथॉलॉजीचा अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणं, रेडिएशनचा तपशील, गेल्या वर्षभराच्या वजनाच्या नोंदी आणि सगळ्या औषधांची यादी एका फाइलमध्ये लावा. ज्यांच्याकडे जाल ते कॅन्सर सर्जनसोबत काम करणारे प्लास्टिक सर्जन असावेत.

हे सगळं करूनही कदाचित धोका जास्तच ठरेल, किंवा तुम्हालाच एवढी मोठी शस्त्रक्रिया नको वाटेल. तेव्हाही मागण्यासारखं काही असतं. नुसतं शिवून टाकलेल्या छातीवर, विशेषतः अंग भरलेलं असेल तर, काखेजवळ त्वचेचा लोंबता गोळा राहतो. तो ब्रामध्ये मावत नाही आणि हात खाली सोडला की घासतो. नीट सपाट, घड्या न ठेवता छाती बंद करण्याची वेगळी पद्धत आहे आणि ती आधी सांगून मागावी लागते. तसा गोळा आधीच राहिला असेल तर तो नंतरही छोट्या शस्त्रक्रियेनं काढता येतो. बाहेरून लावायचा कृत्रिम स्तन निवडताना एक बाजू मोठी असेल तर हलक्या वजनाचा प्रकार मागा, आणि तो मापं घेणाऱ्या जाणकार व्यक्तीकडून, जखम पूर्ण भरल्यावर बसवून घ्या.